नळ्यांखालचं लाकूड

बेळगाव, कॅम्प
शुक्रवार, मार्गशीर्ष

प्रिय आक्का,

हे पत्र तूच वाच. शेजारच्या पोराकडून वाचून घेऊ नकोस, आणि दाजींच्या पुढ्यात तर उघडूच नकोस. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, तुझी तिसरी आणि माझी अर्धी चौथी मिळून एवढं जमेल. ओळी वर चढल्यात त्या घाईनं लिहितोय म्हणून. निपाणीला गेलतो, आणि तिथून काय घेऊन आलोय ते एकदम सांगितलं तर तू तव्यावरची भाकरी तशीच टाकून रस्त्यावर येशील. म्हणून क्रमानं सांगतो. माझ्या हातून क्रम टिकत नाही हे तुला ठाऊकच आहे.

दस्तगीर उस्तादांच्या बंदूक-दुरुस्तीच्या दुकानात मी अजून टिकून आहे, यावर आपल्या कंग्राळीत कुणाचा विश्वास बसणार नाही. पण आक्का, या कामात लई मजा आहे. जुनी शिकारी रायफल खरी की बनावट हे ओळखायचं म्हणजे एखाद्याच्या घरात शिरून त्याचा संसार बघण्यासारखं. उस्ताद म्हणतात, "नाव वाचू नको रे पर्शा, नाव कुणीबी कोरतं. हात कुठं घासलाय ते बघ." खऱ्या रायफलीच्या दस्त्यावरची जाळीची नक्षी तळवा बसतो तिथंच गुळगुळीत होते, बाकी ठिकाणी बोटाला टोचते. बनावट करणारा सगळीकडे सारखीच घासतो, जणू दहा माणसांनी ती एकदम धरलीवती. खऱ्याच्या सगळ्या स्क्रूंच्या खाचा एका रेषेत असतात. आणि शेवटी आकडा. नळ्यांच्या पोटावर एक आकडा ठोकलेला असतो, तोच नळ्यांखालच्या लाकडाच्या आतल्या लोखंडावर. दोन्ही जुळले तर जिनस अस्सल.

आकडा म्हटल्यावर तुझं तोंड कसं झालं असेल ते मला इथून दिसतंय. त्याच आकड्यानं आपलं घर खाल्लं. श्रावणात तो पुण्याचा पारखी इनामदार सरकारांची दुनळी रायफल बघायला आला, लाकूड उतरवलं, आणि नळ्यांच्या आकड्याच्या शेवटी सात, लाकडाच्या आकड्याच्या शेवटी आठ. वर लाकडाच्या सांध्यात तुझ्या हिरव्या लुगड्याच्या काठाची चिंधी कोंबलेली. पारखी म्हणाला, ही भेसळ आहे, खरा माल कुणीतरी हलवलाय आणि हे ठोकून ठोकून बसवलंय. सरकारांनी नुसतं दाजींकडं बघितलं. उभा जन्म ज्या माणसानं त्यांच्या बंदुका पुसल्या, त्याला शिव्या दिल्या असत्या तरी बरं झालं असतं. दाजींनी किल्ल्या उंबऱ्यावर ठेवल्या आणि घरी आले. लाकूड हलत होतं म्हणून चिंधी लावली, एवढंसुद्धा त्यांनी सांगितलं नाही. आता अमावास्या झाली की मुंबईला गोदीत जातो म्हणतात. दाजी, ज्यांना बेळगावातल्या मोटारींच्या आवाजानंसुद्धा डोकं धरतं.

तर निपाणी. उस्तादांनी एका गिऱ्हाइकाची दुरुस्त केलेली बंदूक पोचवायला आण्णाप्पांबरोबर मला धाडलं. आण्णाप्पा म्हणजे दुकानातले जुने कारागीर, परवाना त्यांच्या नावावर. काम झालं की सरळ परतायचं होतं. पण तिथं तंबाखूच्या वखारी बघायच्या राहिल्यावत्या. आत शिरलो आणि असा शिंकत सुटलो की बायका काम टाकून हसायला लागल्या. वखारीचे मालक भुजबली अण्णा बाहेर आले. "बर्री, कूड्री," म्हणून त्यांनी बसवलं, पाणी दिलं, धंदा विचारला. बंदुकांचा म्हटल्यावर खूश. म्हणाले, "आमच्याकडंबी हाय की एक. खरी का खोटी तेवढं सांगा." मी आण्णाप्पांकडं बघितलं. जैनाचं घर, दिवस मावळायच्या आत जेवणारी माणसं, दिव्यावर किडा येईल म्हणून जपणारी, आणि यांच्याकडं शिकारीची रायफल? भुजबली अण्णा म्हणाले, "धाकटे इनामदार विकून मुंबईला गेलं. दुसऱ्यानं घेतली असती तर जनावरं मारली असती. माझ्याकडं हाय तवर ती उपाशी."

आक्का, धाकटे इनामदार. आपल्या सरकारांचे भाऊ. वाटणी झाल्यापासून दोघांत बोलणं बंद, म्हणून त्या पारख्याला कुणी सांगितलंच नसेल की सरकारांची रायफल जोडीतली आहे. अण्णांनी ती पांढऱ्या धडप्यातून काढली, एखादं तान्हं काढावं तशी. नक्षी तळव्यापाशीच झिजलेली, स्क्रू एका रेषेत. नळ्यांखालचं लाकूड मात्र निघेना, इतकं घट्ट. आण्णाप्पांनी दोन्ही अंगठे लावले तेव्हा सुटलं. मी आकडा वाचला, पुन्हा वाचला, मग आण्णाप्पांना वाचायला लावला, कारण माझ्या वाचण्यावर माझाच भरवसा नाही. नळ्यांवर आठ. लाकडात सात.

आम्ही सगळी हकीकत सांगितली म्हणून परवा भुजबली अण्णा परवाना खिशात घालून स्वतः रायफल घेऊन बेळगावला आले. मोटारीत सगळ्यांना सांगत होते, "भिऊ नका, ही शाकाहारी हाय." खडेबाजारच्या मागं सरकारांच्या माडीवर घोंगडं अंथरलं, दोन्ही रायफली सोडल्या, चारी भाग शेजारी शेजारी मांडले. सरकार वाकून बघत राहिले. मग खाली बसले आणि हळूच म्हणाले, "वाटणीच्या आधीची खंडेनवमी. ओल्या धोतरात मीच बसवल्या होत्या."

तुला आठवतं ना, खंडेनवमीला त्यांच्याकडं सगळ्या बंदुका सुट्या करून, धुऊन पुसून, हळदकुंकू लावून पूजतात, आणि पूजेनंतर जोडायच्या त्या यजमानानं, सोवळ्यात. नोकरानं शिवायचं नाही. दाजी त्या दिवशी अंगणात बसून असतात. सरकार म्हणाले, भटजी घाई करत होते, थंडीनं हात कापत होते. एकीचं लाकूड दुसरीला गेलं, महिन्याभरात वाटणी झाली आणि जोडी फुटली. एक हलायला लागली, दुसरी आवळून बसली. आणि मालकांनी बसवलेलं चुकीचं असेल असं दाजींच्या मनात येणं शक्यच नव्हतं. त्यांना वाटलं लाकूड सुकलं असेल. म्हणून चिंधी.

सरकार मला म्हणाले, "आता बसव की रं बरोबर." मी बसवली असती तर टक् करून बसली असती, आक्का, बोटं शिवशिवत होती. पण मी हात मागं घेतला. म्हणालो, "माझं काम खरं-खोटं सांगायचं. जोडायचं काम ज्याचं त्याचं." आण्णाप्पांनी मला चिमटा काढला. सरकारांनी घोंगड्याची टोकं चारी भागांवर ओढली आणि म्हणाले, "सोमवारी कडोलीला गाडी जुंपा."

म्हणून हे पत्र. सोमवारी सरकार, भुजबली अण्णा आणि मी, दोन्ही रायफली दाजींच्या हातांनी जोडायला सुट्याच घेऊन कडोलीला तुमच्या दारात येतोय, दिवसाउजेडी, सगळं गाव बघत असताना. दाजींना सांगू नकोस. सांगितलंस तर ते शेताकडं निघून जातील, मी ओळखतो त्यांना. फक्त घरी थांबव, काही कारण काढ, कौलं बघा म्हण. आणि स्क्रू पिळायचा चिंचेच्या मुठीचा तो पेचकस, जो त्यांनी श्रावणात उकिरड्यावर फेकला आणि तू कुणी बघत नाही असं समजून उचललास, धुतलास, पिठाच्या डब्यात खोल खुपसलास, तो बाहेर काढून ठेव. मी बघितलं होतं. पीठ तेवढं नीट झटक, मुठीच्या खाचेत राहतं.

तुझाच, एकदा तरी वेळेवर येणारा,
पर्शा