बसच्या पायरीवरून पाहिलेलं

१३ सप्टें. १९८८
बस कॉलेजसमोर थांबत नाही म्हणून आज विद्यार्थ्यांचा संप. आमच्या जैनथ गावच्या बसचे ड्रायव्हरमामा, मुली उभ्या दिसल्या की ते तरी थांबायचे. आजही थांबले. मी पायरीवर पाय ठेवला न् कॉलेजच्या फाटकाकडून दगड आला. समोरची काच फुटून मामांच्या डोळ्यात गेली. फार रक्त. कोणी मारला ते मी पाहिलं. लिहीत नाही.

१४ सप्टें.
लिहिते. गजूने. माझ्या आत्याचा मुलगा गजानन. तो रोज सोबत असतो म्हणून तर बाबांनी मला बी.ए.ला घातलं. आमच्या लग्नाचंही घरात बोलणं सुरू आहे. आज बसमध्ये शेजारी बसून हळूच म्हणाला, "तू काई पाह्यलं नाई. समजलं ना?" मी मान हलवली.

१५ सप्टें.
पोलिसांनी वर्गातल्या राजेश्वरला नेलं. हॉस्टेलवर राहतो, निर्मल गावाकडचा. फाटकाशी घोषणा देत होता, एवढंच. खूप मारलं म्हणतात. गजू कँटीनमध्ये भजी खात होता, मलाही देत होता. खरं तर राग यायला पाहिजे. मला नुसती भीती वाटते.

१७ सप्टें.
इतिहासाच्या मॅडमनी बोलावलं, दार लोटून घेतलं. पायरीवर तूच होतीस ना? म्हटलं, आठवत नाही. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. सोमवारपर्यंत कोणी खरं सांगितलं नाही तर राजेश्वरला कोर्टात उभं करतील म्हणाल्या. मामांचा डोळा गेला. घरी येऊन उलटी. आईला वाटलं ऊन लागलं.

१८ सप्टें., रविवार
बाबांना सांगितलं. सगळं. कापसात फवारा मारून आले होते, हातपाय धुऊन ओट्यावर बसले होते. बहिणीच्या पोराचं नाव ऐकून मान खाली घातली.
"तुह्या डोळ्यानं पाह्यलं?"
"हो."
जेवताना त्यांनी आईकडेही पाहिलं नाही. उठताना म्हणाले, "उद्या गजूसंगं जाऊ नोको. मी येतो."
पोलीस ठाण्यात येतात, की कॉलेजातून माझं नाव काढायला, ते बोलले नाहीत. विचारायची माझी हिंमत झाली नाही.