मनोऱ्यावरच्या तीन गाठी

बाई,

तुम्ही असता तर आज तुमच्याशी भांडायला आले असते. दवाखान्यामागच्या तुमच्या क्वार्टरवर, कडीबिडी न वाजवता, सरळ स्वयंपाकघरात. तुम्ही जाऊन अठरा वर्षं झाली. इतकी वर्षं तुमची आठवण आली की डोळे भरून यायचे, या महिन्यात मात्र नुसता संताप येतो. आधी सगळ्या जगाचा आला, मग तुमचा. घरात कोणाशी बोलायला गेले तर माझा आवाज चढतो आणि नवरा टीव्हीचा आवाज वाढवतो, म्हणून हे लिहायला बसले.

मी आता वडनेरकडच्या एका शाळेत शिकवते आणि शाळेच्या गाईड पथकाची कॅप्टन आहे. तुमच्यासारखीच, हौसेने, आपले शनिवार-रविवार घालून. फरक एवढाच की तुम्ही नर्स होतात, शाळेच्या कोणीच नव्हतात, तरी ड्युटी संपवून पांढऱ्या साडीतच मैदानावर यायचात. गेल्या महिन्यात वर्ध्याला जिल्हा मेळावा झाला. स्पर्धा होती मनोऱ्याची. माणसाच्या उंचीचा मनोरा, फक्त बांबू आणि दोरी, खिळा नाही, तार नाही, आणि मोठ्या माणसाचा हात नाही. हे शेवटचं तर नियमांच्या कागदावर ठळक अक्षरात छापलेलं होतं. आणि सकाळी नऊ वाजता शेजारच्या शाळेचा टेम्पो आला, त्यातून मांडववाला उतरला. मांडववाला, बाई! लग्नाचे मांडव घालणारा, दोन माणसं आणि शिडी घेऊन. त्याने दीड तासात मनोरा उभा केला, वर झालर लावली. मुली तोवर झाडाखाली कुरकुरे खात बसल्या होत्या, गळ्यात कडक इस्त्रीचे स्कार्फ. काम झाल्यावर त्यांच्या सरांनी त्यांना बोलावलं, प्रत्येकीच्या हातात दोरीचं एक एक टोक दिलं आणि मोबाईल समोर धरला. एका मुलीच्या कपाळावर पाणीसुद्धा शिंपडलं, घाम दिसावा म्हणून. मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पलीकडे दुसऱ्या शाळेचे शिपाईकाका घामाघूम होऊन बांबू आवळत होते, आणि तिसरीकडे तर पालकच जमले होते. मैदानभर मोठी माणसं काम करत होती आणि पोरं पाहत होती. याला आम्ही युवा नेतृत्व म्हणतो. व्यासपीठावरच्या बॅनरवर तसं लिहिलेलंही होतं.

माझ्या मुली मात्र स्वतः बांधत होत्या. खरंच सांगते, सकाळपासून स्वतः. आमच्या जास्वंद संघाची, म्हणजे या तुकडीची, नायिका नववीतली आहे, डावखुरी. घरी आई तिच्या डाव्या हातावर चापट मारते, प्रसाद घ्यायला तो हात पुढे झाला की कोणी ना कोणी टोकतं, आणि वर्गात शेजारी बसणारी कोपर लागतं म्हणून कुरकुरते. पथकात आली त्या दिवशी मी आपल्या गाईडच्या रीतीप्रमाणे हस्तांदोलनाला डावा हात पुढे केला. ती हात सोडेचना. "बाई, इथं सगळेच डावा हात देतेत?" मी म्हटलं, सगळेच. "मंग मी रोज यीन," म्हणाली. आणि आली हो. दोन वर्षांत एक शनिवार चुकवला नाही. दोरीकामात तिच्या तोडीची पोर मी पाहिलेली नाही. फक्त तिची दोरी बाकीच्यांच्या उलट फिरते, डावीकडून. मी ते कधी दुरुस्त केलं नाही. बांधणी घट्ट आहे ना, मग फिरू दे कशीही.

तुम्ही मला दोरी शिकवलीत ती तुमच्या स्वयंपाकघरात, आठवतं? फरशीवर बसवून लाटणं आणि उलथणं आडवं-उभं धरायला लावलंत आणि त्यावर चौकोनी बांधणी घालून घेतलीत. मला ती पटकन आली. आली म्हणून मिरवलेही. तेव्हा तुम्ही कंपाउंडरच्या धाकटीला बोलावलंत आणि मला म्हणालात, "आता इले शिकव. पन हात नाई लावायचा." ती पोर दोरी नुसती गुंडाळत होती. माझा हात तीनदा पुढे गेला. तिसऱ्यांदा तुम्ही मला माझ्याच तळहातांवर बसवलंत. स्टोव्हवर डाळ होती. ती उतू जायला लागली, मी उठू पाहते तर तुम्ही म्हणता, "बस. डाय माही हाये." डाळ उतू गेली, स्टोव्ह फडफडून विझला, घरभर रॉकेलचा वास, आणि मी हातांवर बसलेली. पोरीने बाराव्या खेपेला बांधणी घातली. त्या दिवशी तुम्ही मला सहा फुटांची पांढरी दोरी दिलीत, टोकं निळ्या दोऱ्याने गुंडाळलेली. ती अजून माझ्या कमरेच्या पट्ट्याला असते. त्या संध्याकाळी आपण तिघींनी अर्धकच्च्या डाळीबरोबर भाकरी खाल्ली.

आणि बोर धरणाजवळचं ते शिबिर. मी चौदा वर्षांची, संघाची नायिका, आणि सगळी कामं एकटीच करणारी, कारण बाकीच्यांना वेळ लागायचा. चूल मीच पेटवायची, पाणी मीच आणायचं. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "तू संघनायिका हायेस का मोलकरीन? हात मांगं घे." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणून दुसऱ्या दिवशी तंबू मी पोरींवर सोडला, आणि त्यांनी खुंट्या भुसभुशीत मातीत ठोकल्या. तुम्हाला ते दिसत होतं. तुम्ही दहा पावलांवर सागाखाली उभ्या होतात, हात पाठीमागे, चेहरा अगदी शांत. तासाभराने तंबू बसला, आमच्या पिठाच्या डब्यावरच. मी रडत तुमच्याकडे आले. "बाई, तुमाले दिसत होतं, मंग काऊन नाई सांगितलं?" तुम्ही म्हणालात, "आता तुले दिसलं का?" मी म्हटलं, हो. "मंग झालं." एवढं बोलून तुम्ही दवाखान्याच्या गोष्टी सांगायला लागलात. माझा राग आठ दिवस गेला नव्हता.

आता मेळाव्याचं सांगते. दुपारी मुली जेवायला गेल्या. मनोरा उभा होता, एका अंगाला किंचित झुकलेला, पण उभा. त्यावर कोणी चढणार नव्हतं, वर फक्त पथकाचा झेंडा लावायचा होता, तेव्हा कोणाला लागेल-पडेल म्हणून मी हात लावला असंही म्हणायची सोय नाही. वरच्या चौकटीच्या चार कोपऱ्यांपैकी तीन बांधण्या सैल दिसत होत्या. पलीकडे झालरीचा मनोरा ताठ उभा होता. आमचे मुख्याध्यापक सकाळीच फोनवर म्हणाले होते, "मॅडम, यंदा नंबर आलाच पाहिजे, पोरींच्या पुरस्काराच्या फायलीत लागतो तो." मला वाटलं, का म्हणून माझ्याच मुलींनी खाली मान घालायची? इतक्या राबल्यात त्या. पाच मिनिटांचं काम. मी तिन्ही बांधण्या सोडल्या आणि पुन्हा आवळल्या. मान वर केली तर समोर तो मांडववाला बिडी ओढत बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि ओळखीचं हसला.

परीक्षक आले. वयस्कर, मितभाषी गृहस्थ. त्यांनी एकेक कोपरा ओढून पाहिला आणि विचारलं, "छान घट्ट आहे. सगळं मुलींनीच बांधलंय ना?" तेव्हा आमची नायिका पुढे झाली आणि बोट दाखवून म्हणाली, "सर, हा एक कोपरा आमचा हाये. हे तीन नाई. माही दोरी डावीकडून फिरते. हे उजवीकडून फिरेल हाये." त्यांनी विचारलं, मग कोणी बांधलं? "कॅप्टन बाईनं." आवाजात चहाडी नव्हती. परीक्षकांनी कागदावर एक रेघ ओढली, मला नमस्कार केला आणि पुढच्या मनोऱ्याकडे गेले. झालरवाल्यांचा पहिला नंबर आला. तिथे सत्य सांगणारं कोणी नव्हतं, आणि मांडववाला तर केव्हाच टेम्पो घेऊन गेला होता. ढाल घेताना त्या सरांनी भाषण केलं, मुलांना स्वावलंबन शिकवण्यावर. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. माझ्या मुलींनी वाजवल्या.

परतीच्या गाडीत मी हिंगणघाट येईपर्यंत तिला बोलत होते. बाकीच्या पोरी ऐकत होत्या. "लय सत्यवादी झालीस का? बाकीच्या शाळा पाह्यल्या ना? तुले कोनं विचारलं होतं?" ती खिडकीकडे तोंड करून बसलेली. एकदाच वळून म्हणाली, "बाई, तुमीच तं पहिला नियम शिकवला." गाईड विश्वासू असते, तो पहिला नियम. दोन वर्षं दर शनिवारी मीच म्हणून घेतला. आणि मी काय म्हणाले असेन? "नियम पाठ करायचे असतात." हे माझ्या तोंडातून बाहेर पडलं, बाई. तुमच्या हाताखाली वाढलेल्या बाईच्या तोंडातून.

सोमवारी माझ्या टेबलावर तिचा स्कार्फ होता, धुऊन घडी केलेला. त्यावर शिटी आणि संघनायिकेच्या पांढऱ्या पट्ट्या. ती वर्गात येते, मान खाली घालून उजव्या हाताने लिहिते. हो, उजव्या. कोणी सांगितलं तिला, मी विचारलं नाही. अक्षर पहिलीतल्या पोरासारखं वाकडंतिकडं येतंय. मुख्याध्यापक म्हणाले, "जाऊ द्या मॅडम, दुसरी नायिका करा. फोटो तर झकास आलेत आपले." मी त्यांच्यावर अशी काही ओरडले की शिपाई दारात येऊन उभा राहिला. ओरडून उपयोग काय? फायलीसाठी पोरींना दोरी धरून उभं करणाऱ्या त्या सगळ्यांवर माझा राग आहे, आणि तो खोटा नाही. आपण मोठी माणसं सेवा करायला म्हणून इथे येतो आणि पोरांच्या हातातलं काम काढून घेतो, वर त्यांच्याकडून आभार मानून घेतो. असल्या सेवेला आग लागो.

पण तुमच्यावरही राग आहे, आणि तो आज सांगणारच. तुम्ही इतक्या सहज उभ्या राहायचात, की मला वाटलं हे सोपं आहे. हात मागे घेतले की झालं. मग परवा रात्रभर जागी राहून ते शिबिर पुन्हा आठवत बसले, तेव्हा एक गोष्ट वर आली, जी इतकी वर्षं माझ्या ध्यानात नव्हती. तंबू बसायच्या जरा आधी मी बादली घेऊन धरणाकडून येत होते, तुमच्या मागच्या बाजूने. तुमचे हात मला दिसले. उजव्या हाताने डावं मनगट असं आवळलं होतं, की बोटं पांढरी पडली होती आणि घड्याळाचा पट्टा कातडीत रुतला होता. मला वाटलं, बाई चिडल्यात. चिडल्या नव्हतात तुम्ही. स्वतःला धरून ठेवलं होतं. इतकं अवघड असतं, इतकं दुखतं, तर एका शब्दाने तरी सांगायचं होतं. काऊन नाई सांगितलं, बाई? आणि हे लिहिता लिहिता तुमचा आवाज कानात येतो, आता तुले दिसलं का, आणि आणखीच चीड येते.

अजून एक राहिलं. मुख्याध्यापकांना, नवऱ्याला, बहिणीला, सगळ्यांना मी जे सांगितलं तेच वर तुम्हालाही लिहिलं, की परीक्षकांनी विचारलं आणि ती बोलली. तसं झालं नाही. परीक्षकांनी विचारलं ते मला. माझ्याकडे बघून, अदबीने. आणि मी "हो" म्हटलं. सहा मुली माझ्या मागे उभ्या होत्या, त्यांच्यासमोर, चांगलं स्पष्ट "हो". तिने माझ्याकडे पाहिलं. मी काही दुरुस्त करते का, म्हणून ती थांबली. बराच वेळ थांबली, बाई. मी तेव्हा झेंड्याकडे बघत होते. मगच ती पुढे झाली.

तिचा स्कार्फ माझ्या पिशवीत आहे. तिचं घर शाळेपासून दहा मिनिटांवर, कपाशीच्या शेताला लागून. हे पत्र तुम्हाला पोचायचं नाही आणि तिला द्यायचं माझं धाडस नाही. शनिवारी मुली घोड्याच्या नालेच्या आकारात उभ्या राहिल्या, की सगळ्यांसमोर सांगायचं ठरवलंय, की मी "हो" म्हटलं होतं.

मागच्या शनिवारीही ठरवलं होतं.