चटईची गाठ

आई,

खिचडी झाकून ठेवली आहे. उंबरठ्यावर पोरांनी फुलदेईच्या सणाची फुलं वाहिलीत, जपून ओलांडा. विळ्याची मूठ ओली आहे. तुमच्या योगाच्या चटईला मी सोमवारी मारलेली गाठ अजून तशीच आहे.

रोज विचारते तेव्हा म्हणता, "झाली गं बाई माझी आसनं, तुझी फौजदारकी पुरे!" मग आपल्या कबरी गाईच्या गव्हाणीत बांजाचा ताजा पाला कुठून आला? गाय काही स्वतः झाडावर चढत नाही. शेजारच्या शांतीकाकींना विचारलं तर त्या एकदम हवापाण्याचं बोलायला लागल्या. दोघी मिळून रानात जाता ना?

डॉक्टरीणबाईंनी कमरेला जपायला सांगितलंय. थंडी सरली आहे, आता सांधे मोकळे होतील, पण रोज थोडं थोडं केलं तरच. पाठ ओढेल इतकं नको, धाप लागेल इतकंही नको. कबरीसाठी भुसा आणून ठेवलाय. ती नाक मुरडेल, मुरडू दे.

तुम्ही देवळातून येईपर्यंत थांबले असते, पण शाळेची जीप चुकेल. विळा माझ्या पिशवीत आहे, शोधू नका. शांतीकाकींचा मागायलाही जाऊ नका. उद्या सकाळपासून तुमच्या चटईशेजारी माझी चटई असेल. हो, नजर ठेवायलाच.

देवेश्वरी

माझी जन्मदाती आई बांजाच्या झाडावरून पडून वारली, तेव्हा मी चौथीत होते.