मेमरी वाढवू का?

ता. ४ मार्च

चि. खटपट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस, इकडे सगळं ठीक आहे. संगणकाचं काही विचारायचं म्हटलं की मी फोनवर ऐकते एक आणि करते भलतंच, म्हणून लिहितेय. उत्तरही पत्रानेच दे. फोन करू नकोस.

तुला माहीत आहे, बावीस वर्षं मी मुद्रितं तपासतेय. सध्या शाळेच्या नकाशांचं एक जाडजूड पुस्तक हातात आहे. छापखान्यातून पानांचे गठ्ठे इंटरनेटवरून येतात आणि एकेक गठ्ठा लॅपटॉपवर उतरायला दोन-दोन तास घेतो. मध्येच तुटला की पुन्हा पहिल्यापासून. गेल्या महिन्यात तीनदा उशीर झाला. संपादकबाई गोड बोलतात, पण परवा त्यांनी हळूच विचारलं की काम झेपत नसेल तर निम्मं दुसऱ्या कुणाला देऊ का.

कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणतो, लॅपटॉपची मेमरी चारची आठ करा, इंटरनेट पळायला लागेल. तू पंधरा वर्षं हीच दुरुस्ती करतोयस, तूच सांग. करू का? लहानपणी माझा चांगला चालणारा रेडिओ उघडून पुन्हा जोडताना तू चार स्क्रू उरवून दाखवले होतेस, तरी तुझ्यावर भरवसा ठेवतेय.

दादाला नमस्कार सांग. माया आहेच, ती आटू देऊ नकोस.
तुझी आत्या


ता. ९ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न.

पत्र मिळालं. रेडिओचं प्रकरण तू मी म्हातारा होईपर्यंत काढणार, हे आता मान्य केलंय.

आधी मेमरीचं. मेमरी म्हणजे तुझं कामाचं टेबल. टेबल मोठं असलं की चार नकाशे एकदम पसरता येतात, एक उघडताना दुसरा अडकत नाही. पण टेबल मोठं केलं म्हणून पोस्टमन लवकर येतो का? गठ्ठा घरात किती वेगाने येतो ते बाहेरची लाइन, राउटरचा डबा आणि डब्यापासून लॅपटॉपपर्यंतची वाट यांवर ठरतं. लॅपटॉप अगदीच गुदमरत असेल तर मेमरीने त्याला जरा मोकळा श्वास मिळेल, पाने झटपट उघडतील. डाउनलोड मात्र होतं तिथंच राहील.

तेव्हा एक कर. लॅपटॉप उचलून राउटरच्या शेजारी ने आणि एक गठ्ठा उतरवून बघ. मग तोच गठ्ठा नेहमीच्या जागी. दोन्हींना किती वेळ लागला ते लिही.

मला एक मात्र कळत नाही. दोन वर्षांपूर्वी मी आलो तेव्हा तुझं टेबल पुढच्या खोलीत, खिडकीपाशी होतं आणि डबा डोक्यावरच्या फळीवर. तेव्हा सगळं सुसाट चालायचं. टेबल हलवलंस का? आणि आतोबांनी तुझ्या पत्राखाली दोन ओळी कशा लिहिल्या नाहीत? त्याशिवाय त्यांना राहवत नाही.

बाबा बरे आहेत. रागावत जा, पण विसरू नकोस.
तुझा भाचा


ता. १५ मार्च

चि. खटपट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र यायच्या आदल्या दिवशीच मी मेमरी बसवून घेतली होती. दम निघाला नाही. तू म्हणालास तसंच झालं. नकाशे आता चटकन उघडतात, लॅपटॉप मध्येच थिजत नाही. पण गठ्ठा उतरायला एक तास पन्नास मिनिटं लागली. मग लॅपटॉप पुढच्या खोलीत डब्याजवळ नेला, तर सहा मिनिटं.

आता तू विचारशील की मग तिथेच का बसत नाहीस. म्हणून लिहितेच.

नोव्हेंबरात तुझे आतोबा सकाळी दाढी करता करता कोसळले. झटका होता. उजवं अंग गेलं आणि बोलणंही. तीस वर्षं बसस्थानकावर ज्यांच्या आवाजाने माणसं धावत आपल्या गाडीपाशी जायची, त्यांच्या तोंडून आता एखादा शब्द फुटतो, तोही मोठ्या कष्टाने. न्हाणीघर जवळ म्हणून त्यांचा पलंग मागच्या खोलीत हलवला. रुग्णालयातून आल्यावर त्यांनी डाव्या हाताने पाटीवर लिहिलं, कुणाला नको. कुणाला कळवणार नाही, असा मी शब्द दिला. मी फोनवर बोलले की त्यांना सगळं ऐकू जातं, म्हणून ही पत्रं.

काही हवं असलं की ते चमचा पेल्यावर वाजवतात. पुढच्या खोलीत रस्त्याच्या गोंगाटात तो ऐकू येत नाही. जानेवारीत मी एक गठ्ठा उतरवायला पुढे जाऊन बसले आणि ते स्वतःच उठायला गेले. मी आले तेव्हा जमिनीवर होते. किती वेळ होते, मला ठाऊक नाही. तेव्हापासून माझं टेबल त्यांच्या पायथ्याशी आहे. दोन जाड भिंती आणि लोखंडी कपाट मध्ये आलं तर येऊ दे.

दादाला सांगू नकोस. लिहून मोकळी झाले, एवढंच.
आत्या


ता. १८ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न.

बाबांना सांगितलेलं नाही. तुझं पत्र दुकानात वाचलं आणि शटर अर्धं ओढून बसून राहिलो. दोन वर्षं मी उद्या-परवा करत राहिलो, याची लाज वाटते.

तुझ्या कामाच्या अडचणीवर उपाय सोपा आहे. डब्यापासून मागच्या खोलीपर्यंत वीस मीटरची तार टाकायची. तारेला भिंतींचं काही वाटत नाही. येत्या शनिवारी येतो. पण आधी खालचा मजकूर आतोबांना वाचून दाखव. ते नाही म्हणाले तर येणार नाही, तार पाठवून देईन.

आतोबा, आत्याने शब्द मोडला, पण तिला मी बोलतं केलं, म्हणून दोष माझा. मी तुम्हाला बघायला येत नाही, तार टाकायला येतोय. तुमचं दार बंद ठेवा. मी घरातल्या मधल्या बोळातून भिंतीला भोक पाडेन आणि तार आत सारेन, खोलीत पाऊल टाकणार नाही.

दोघांचा
खटपट्या


ता. २९ मार्च

ती. दादास,
सा. न.

एव्हाना तुझ्या लेकाने तुला सगळं सांगितलं असेल. मीच त्याला तशी मोकळीक दिली. तरी जे झालं ते माझ्या हातून तुला कळावं.

त्याचं पत्र मी यांना वाचून दाखवलं. दिवसभर भिंतीकडे तोंड करून होते. दुसऱ्या दिवशी पाटीवर लिहिलं, दार बंद. मी तेवढेच दोन शब्द त्याला कळवले.

शनिवारी तो आला. यांच्याविषयी एक अक्षर विचारलं नाही. चौकटीच्या कडेने तार ठोकत ठोकत बोळात आला, यांच्या उशाशी येईल असं भोक पाडलं आणि तार आत सारली. पण ती कुठेतरी अडली. आतून कुणीतरी ओढायला हवी होती. मी दाराकडे वळले, तर त्याने माझा हात धरला आणि भिंतीपाशी तोंड नेऊन नेहमीच्या आवाजात म्हणाला, "आतोबा, जरा ओढता का?"

तार हलेना. मला वाटलं, संपलं. मग तार वीतभर आत गेली. थांबली. पुन्हा वीतभर गेली. तार सरकायची थांबली आणि आतून आवाज आला, "आली."

थोड्या वेळाने, "दार."

तुझा लेक आत गेला. मी स्वयंपाकघरात जाऊन उगीच भांडी इकडची तिकडे केली. चहा घेऊन गेले तर हा पलंगावर यांच्या शेजारी बसून तारेला टोक बसवत होता आणि यांनी डाव्या हाताने तार धरून ठेवली होती. दोघांचेही डोळे लाल.

आता गठ्ठा पाच मिनिटांत उतरतो आणि मी यांच्यासमोरच असते. संपादकबाईंना मी खरं काय ते कळवलं. त्यांनी पूर्ण पुस्तक माझ्याकडेच ठेवलं आणि आधी का नाही सांगितलं म्हणून रागावल्या.

काल यांनी पाटी मागितली आणि तुझं नाव लिहून पुढे लिहिलं, कधी? तेव्हा तूच बघ कसं जमतं ते. यांचं बोलणं कळायला वेळ लागतो, घाई करू नकोस. आणि पाच महिने तुझ्यापासून लपवलं म्हणून रागवायचं असेल तर पत्रातून नको, इथे येऊन माझ्यासमोर बसून रागव.

तुझी धाकटी बहीण