डब्याला हात कोण लावतं

आई,

तुम्ही रागावून थोरल्या भावजींकडे गेलात, त्याला महिना झाला. चार वर्षांच्या पोराचं वाढलेलं वजन पाहून डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या, तेव्हा माझा संशय तुमच्यावरच होता. डब्यातली बिस्किटं कोण चारतं विचारलं, तर तुम्ही एकदा तुमच्या मुलाकडे पाहिलंत आणि म्हणालात, "मीच देते."

पण तुम्ही गेल्यावरही काटा पुढेच सरकला. काल मी शिवणाच्या दुकानातून मुद्दाम लवकर आले. टीव्ही चालू, हे दुधात बिस्किट बुडवून भरवतायत आणि पोरगं पडद्यावरची नजर न हलवता तोंड उघडतंय. मला बघून म्हणतात कसे, "अगं, आईनेच सवय लावलीय!"

तुमच्या माघारीही खापर तुमच्याच डोक्यावर! यांना स्वतःला एक जिना चढताना धाप लागते. लहानपणी यांनाही तुम्ही असंच भरवलं असणार. आणि त्या दिवशी तुम्हाला सगळं ठाऊक होतं, हो ना?

हे पत्र टाकणार नाही, कारण तुम्ही आधी फोन यांनाच कराल. पण परत आलात, तर दारातच विचारणार आहे: दोघांपैकी कुठल्या लेकराला वाचवायला आलात?

तुमच्या नातवाची आई