संत प्रोकोप संघाचे सभागृह बंद ठेवण्याविषयी

मी, पावलिना ओन्द्रेय स्ट्राका, वय त्रेसष्ट, अविवाहित, धर्माने कॅथलिक, राहणार कोल्टर्स गॅप, पेनसिल्व्हेनिया, संत प्रोकोप स्लोव्हाक साहाय्य संघाच्या मुख्य कचेरीची चिटणीस, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. सही वाकडी आली तर ती आजारामुळे. हे लिहावे म्हणून माझ्यावर कुणाचा दबाव नाही; लिहू नये म्हणून मात्र आहे.

१. राहते घर माझी भाची एटेल्का हिला. मागची द्राक्षवेल तोडू नये. तिचे आजोबा खाणीतून आले की अंघोळीआधी वेलीला पाणी घालत.

२. बँकेतली शिल्लक मठाच्या शाळेला. सिस्टर इमाक्युलाटांनी बोटांवर पट्टी मारून मला अक्षर दिले. पट्टी मी विसरले आहे, अक्षर नाही.

३. कचेरीतला माझा टाइपरायटर मिसेस कुब्याक यांना. खुर्चीवरची उशी त्यांनी आधीच नेली आहे, त्यामुळे ती वेगळी देण्याची गरज नाही.

४. आता सभागृहाविषयी. ते माझे नाही, पण मला घराहून जवळचे आहे. त्याच्या विटा वडिलांनी पाठीवर वाहिल्या. तिथे मी पहिल्यांदा नाचले, आणि ज्याच्याबरोबर नाचले त्याची शवपेटीही तिथेच पाहिली.

गेल्या हिवाळ्यात सभागृहाच्या अंगणात बर्फ टिकला नाही. तळघराची जमीन ऊबदार झाली. आमच्या बायका खूश! खसखशीच्या रोलांचे पीठ तिथे ठेवले की बघता बघता फुगते. मग कचेरीची मांजर तिथे झोपायला जाऊ लागली, आणि एक दिवस उठलीच नाही. म्हातारी झाली होती, असे सगळे म्हणाले. मी तिला उचलून वर आणले तेव्हा माझे डोके इतके जड झाले की जिन्यातच बसावे लागले.

मी अध्यक्ष ग्रेगोर व्हालो यांना खाली नेले आणि जमिनीला हात लावायला सांगितले.

"छान ऊब आहे," ते म्हणाले. "कोळसा वाचतोय, पावलिना. देवाचे आभार मान."

"ग्रेगोर, तुझा बाप खाणीतच गेला ना रे? तो इथे एक क्षण उभा राहिला नसता."

"बापाला मधे आणू नकोस. सरकारी माणूस सांगून गेलाय, जुन्या खाणीत जमिनीखाली धुमसणारी आग रस्त्यापलीकडे आहे."

"मग आपल्याकडे काय तापलंय?"

"तुझं डोकं!"

पीठ ठेवायला आलेल्या बायका हसल्या. मलाही हसू आले, ह्याची आता भीती वाटते.

सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी तिथे संघाचे अधिवेशन आहे. सगळ्या शाखांचे प्रतिनिधी येतील, मुलेबाळे घेऊन. गार वारा लागू नये म्हणून खिडक्या लावून घेतील, आणि जमिनीतून येणारा विषारी वायू आतच कोंडेल. "यंदा जागा बदलली तर लोक म्हणतील, संघ बुडाला," असे ग्रेगोर म्हणतो. तो वाईट माणूस नाही. त्याला फक्त अब्रूची काळजी आहे.

५. अधिकाऱ्याचे पार्थिव सभागृहात ठेवण्याची आमची रीत आहे. माझे ठेवू नये. चर्चमधून सरळ दफनभूमीत न्यावे. दफनानंतरच्या जेवणाचे रोल दुकानातून आणावेत, तळघरात पीठ ठेवू नये. पावलिना कंजूष होती असे कुणी म्हटले तर म्हणू द्यावे.

६. मुख्य कचेरीतला अधिकारी वारला की संघाच्या सनदेवर काळे वस्त्र चढते आणि सभागृहाला महिनाभर कुलूप लागते. आमचे संस्थापक खाणकामगार होते. खाणीत माणूस गेला की बाकीचे वर येत, आणि त्याला माती दिल्याशिवाय कुणी खाली उतरत नसे. हा नियम अध्यक्षांनाही मोडता येत नाही.

मी ह्याच नियमावर विसंबून होते. डॉक्टरांनी पोटातल्या गाठीचे सांगितले तेव्हा मी एवढेच विचारले, "सप्टेंबरच्या आधी?"

"छे हो, मिस स्ट्राका! ख्रिसमस नक्की बघाल."

ते मला धीर देत होते.

मरणाची घाई करणे पाप आहे. मी ती करणार नाही. म्हणून शेवटचे कलम.

७. हे मृत्युपत्र माझ्या मृत्यूनंतर उघडायचे नाही. ह्याची नक्कल आजच्या टपालाने प्रत्येक शाखेला काळ्या काठाच्या पाकिटातून जात आहे. असे दुखवट्याचे पाकीट मुख्य कचेरीतून आले की शाखेत सगळे उभे राहतात आणि मगच ते वाचले जाते. हेही तसेच वाचावे, प्रतिनिधी घरातून निघण्यापूर्वी. फरक एवढाच, की ह्या वेळी अजून कुणी वारलेले नाही.

सही: पावलिना स्ट्राका

आमच्यासमक्ष सही केली:
मेलिखर हाव्रान, अंत्यविधीची व्यवस्था पाहणारे
जोफिया व्हालो, अध्यक्षांची पत्नी

कोल्टर्स गॅप, १४ ऑगस्ट १९५७