सुतकात थांबलेला व्यायाम

पिंपळगाव राजा,
बुधवार

प्रिय प्रतिमा,

फोन हाताशी असताना बाबांनी पत्र का लिहिलं, म्हणून घाबरू नकोस. आई जेवते, झोपते. पण फोन लावला की ती शेजारीच बसलेली असते आणि तिच्यासमोर हे बोलायला माझी जीभ उचलत नाही.

लकव्याने तिची उजवी बाजू आणि वाचा गेल्यावर तू महिनाभर रजा काढून राहिलीस. जाताना भिंतीवर तक्ता लावलास. उजवा हात सकाळ-संध्याकाळ वीस वेळा वर, चेंडू दाबणं, अंगणातल्या नळापर्यंत चालणं आणि पहिलीच्या पुस्तकातलं एक पान, चित्रावर बोट ठेवून मोठ्याने. झालं की खूण, दर रविवारी तुला फोटो. अडीच महिने मी एकही दिवस चुकवला नाही. तिचा हात डोक्यापर्यंत जाऊ लागला होता. तिने कंगवा धरला त्या दिवशी मी शेजारच्या झुंबरबाईला मुद्दाम बोलावून दाखवलं.

मग अमडापूरचा भागवत गेला. माझा चुलतभाऊ, म्हणजे दहा दिवसांचं सुतक. सुतकात पोथी उघडत नाहीत, मग पुस्तक चालतं का, व्यायाम चालतो का? माझं मन भित्रं, तुला माहीत आहे. घरावर एक अरिष्ट आलेलंच, आणखी काही ओढवू नये म्हणून मी सगळंच थांबवलं. झुंबरबाई म्हणाली, "काहो भाऊजी, कसरतीले कोणतं सुतक लागते? उद्या म्हणसान, श्वासही घेऊ नोका!" मी तिच्यावरच डाफरलो. तुला विचारायला हवं होतं. तू रागावशील म्हणून विचारलं नाही आणि त्या रविवारी खोट्या खुणा करून फोटो पाठवला.

अकराव्या दिवशी तिचा हात उचलायला गेलो तर खांदा आखडलेला. ती अशी ओरडली की मी हात तसाच खाली ठेवला. उद्या बघू म्हटलं. दुसऱ्या दिवशी ऊन फार होतं, तिसऱ्या दिवशी तिला कणकण वाटली. रोज एक कारण सापडत गेलं आणि खूण मात्र रोज होत गेली, सकाळी सात वाजताच, म्हणजे ते काम तरी उरकलं. पुस्तक कपाटावर गेलं. आता तिचा हात छातीच्या वर जात नाही. तुला काही कळलं नाही, कारण तू फोनवर "आई, व्यायाम होतो ना?" विचारलंस की ती म्हणायची, "हाव." तिच्याजवळ तेवढाच एक शब्द होता. चहा पाहिजे का, हाव. दुखतं का, हाव. त्या एका होकाराआड लपून मी चार महिने काढले.

परवाच्या रविवारी तू तेच विचारलंस आणि ती "नाही" म्हणाली. तू हसलीस. म्हणालीस, "बाबा, शब्द उलटा आला, पण नवा आला!" मीही हसलो. प्रतिमा, शब्द उलटा नव्हता. तो बोलताना ती फोनकडे नाही, माझ्याकडे बघत होती. तेव्हापासून मी चेंडू घेऊन जवळ गेलो की ती तोंड भिंतीकडे फिरवते. खांदा अजून मोकळा होईल की नाही, मला कळत नाही. माझ्या हातून आता होणार नाही, तू ये. मला काय बोलायचं ते नंतर बोल. आधी तिच्याजवळ बस आणि ती खरं बोलली होती हे तुला कळलंय, एवढं तिला सांग.

तुझाच,
बाबा